घरच्या वर्कशॉपसाठी २×७२ बेल्ट ग्राइंडर: मोटर, चाकं, ट्रॅकिंग

रंधा_पटाशी

७२ इंची पट्ट्याचा (५० × १८३० मिमी) ग्राइंडर घरीच बांधायचं ठरलं आहे. काम मिश्र: कोयते, विळे, पटाश्या, रंध्याची पाती, आणि पुढे सुऱ्या. लहान शहरात राहतो; टर्नर आणि वेल्डर दोन्ही जवळ आहेत.

सध्याचा आराखडा असा. मोटर २ एचपी, थ्री फेज, १४४० आरपीएम, पायावर बसणारी. घरात सिंगल फेज, म्हणजे व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लागणार. चाकं चार: मोटरवर १०० मिमी, वर ट्रॅकिंगचं (पट्टा मधोमध ठेवणारं) ७५ मिमी, प्लॅटनच्या (पट्ट्यामागच्या सपाट आधाराच्या) वर-खाली ५०-५० मिमी. सांगाडा चौकोनी पाइपचा, हात आत-बाहेर सरकणारा.

अडलेले मुद्दे: मोटरचं चाक १०० चं पुरेल का, चाकं नायलॉनची चालतील का, आणि पट्टा एका बाजूला पळू नये म्हणून नेमकं काय करतात?

---

तीन_फेज

आधी वेगाचा हिशोब करा, मग चाकाचा व्यास आपोआप ठरतो. पट्ट्याचा वेग = ३.१४ × चाकाचा व्यास (मीटरमध्ये) × सेकंदाचे फेरे. १०० मिमी चाक १४४० ला लावलं तर ७.५ मीटर/सेकंद. धारेच्या आणि लाकडाच्या कामाला ठीक, पण पोलाद झपाट्याने उतरवायला फार कमी. १५० मिमी केलं की ५० हर्ट्झला ११.३, आणि व्हीएफडीवर १०० हर्ट्झ दिले की २२.६. खाली १५ हर्ट्झला ३.४. सुरीवाल्याला याहून मोठा पल्ला लागत नाही.

१४४० ची (४ पोल) मोटर १०० हर्ट्झला पळवायला घाबरू नका. त्याच फ्रेमच्या २ पोल मोटरी २८८० नेच फिरतात, त्यामुळे बेअरिंग आणि रोटर तो वेग सहन करतात. उलटं मात्र करू नये. २८८० ची मोटर १०० हर्ट्झला नेली की पावणेसहा हजारांच्या घरात जाते. एक लक्षात ठेवा, ५० हर्ट्झच्या वर व्होल्टेज वाढत नाही म्हणून टॉर्क घटत जातो. ९० हर्ट्झला साधारण ५५ टक्केच उरतो. २ एचपी घेतल्याचा फायदा तिथे कळतो.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. सिंगल फेज २३० व्होल्ट घेणारा व्हीएफडी बाहेर थ्री फेज देतो, पण २३० व्होल्टचंच. तुमची मोटर ४१५ ला स्टारमध्ये जोडलेली असणार. तशीच लावली तर फिरेल, पण हात टेकवला की बसेल. टर्मिनल बॉक्स उघडा. सहा टोकं असतील तर एका ओळीत तीन टोकं जोडणारी पट्टी काढायची आणि तीन पट्ट्या उभ्या लावायच्या: यू१-डब्ल्यू२, व्ही१-यू२, डब्ल्यू१-व्ही२. झाली डेल्टा. नेमप्लेटवर ४१५ चा करंट ३.४ अँपिअर असेल तर डेल्टात तो १.७३ पट, म्हणजे ५.९ होतो. व्हीएफडीत हाच आकडा भरायचा, नाहीतर ओव्हरलोडचं संरक्षण उगाच तरी पडेल किंवा पडणारच नाही.

मोटर घेताना दोन गोष्टी बघा. काही लहान मोटरींचा स्टार आतच बांधलेला असतो आणि बाहेर तीनच टोकं येतात. ती रिवाइंडिंगवाल्याकडे उघडून सहा टोकं बाहेर काढावी लागतात. आणि ३ एचपीचा मोह झाला तर नेमप्लेट नीट वाचा. त्या मापापासून पुढे अनेक मोटरी ४१५ लाच डेल्टा असतात. त्या २३० च्या व्हीएफडीवर नीट चालत नाहीत.

वायरिंग: पूर्ण लोडला सिंगल फेज बाजूने १४-१५ अँपिअरच्या आसपास ओढतो. स्वतंत्र लाइन, ४ चौ. मिमी वायर, २० अँपिअरचा एमसीबी, पक्कं अर्थिंग. व्हीएफडी आणि मोटर यांच्या मध्ये स्विच घालू नका. चालू-बंद व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलवरूनच. वेग वाढायला ३ सेकंद, उतरायला ४ सेकंद ठेवा.

---

गुण्यात_बसवा

वरचं सगळं बरोबर, पण या यंत्रात पैसा मोटरीवर जातो आणि डोकेदुखी चाकांमधून येते. १ एचपीवर चांगली चाकं असली तर काम देखणं होतं. ३ एचपीवर वाकडी चाकं असली तर पात्यावर लाटा उमटतात.

टर्नरकडे नुसतं "१५० चं चाक, २४ चं भोक" सांगून येऊ नका. कामाचा क्रम सांगा. ॲल्युमिनियमचा गोल घ्यायचा, भोक आधी पूर्ण करायचं, स्लॉटिंगवर चावीची खाच काढायची, मग चाक मँड्रेलवर (भोकात घट्ट बसणाऱ्या दांड्यावर) चढवून बाहेरचा व्यास शेवटी उतरवायचा. अनेकदा बाहेरून घासून झाल्यावर चाक उलटं धरून भोक मारतात, आणि दोन्हींचे मध्य जुळत नाहीत. डायल लावून बघा, ०.०५ मिमीच्या आत हवं. ०.२ मिमी निघालं तर बाहेरून पुन्हा घासून घ्या, तसंच घरी आणू नका.

२ एचपी, १४४० म्हणजे ९०एल फ्रेम: शाफ्ट २४ मिमी, लांबी ५०, चावी ८ मिमीची. १ एचपीची ८० फ्रेम असते, शाफ्ट १९, चावी ६. पण मोटर हातात आल्याशिवाय भोक मारायला देऊ नका. ग्रब स्क्रू दोन, एम६, एकमेकांशी ९० अंशात, त्यातला एक बरोबर चावीवर. शाफ्टच्या टोकाला आटे असतील तर वरून बोल्ट आणि जाड वॉशरही लावा. चाकाची रुंदी ५५.

बेअरिंग: ६२०२, रबर सीलचं. पत्र्याच्या झाकणाचं (झेडझेड) हलकं फिरतं हे खरं, पण बुरा आत जातो आणि चार महिन्यांत खरखर सुरू होते. ५० मिमीचं चाक २० मीटर/सेकंदला साधारण ७६०० आरपीएमने फिरतं, ते सीलच्या ६२०२ ला झेपतं. २५ मिमीचं लहान चाक पुढे बनवलंत तर वेग अर्ध्यावर आणा.

प्रत्येक चाकात दोन बेअरिंग, आणि दोघांच्या इनरमध्ये (आतल्या कड्यांमध्ये) नळीचा स्पेसर. हा विसरला की नट आवळल्यावर दोन्ही इनर एकमेकांकडे दाबले जातात, गोळ्या तिरक्या चालतात आणि चाक दहा मिनिटांत हाताला चटका देतं. मग लोक नट ढिला ठेवतात, आणि चाक डुगडुगतं. स्पेसरची लांबी चाकातल्या दोन खांद्यांमधल्या अंतराइतकी, किंवा ०.०५ ने जास्त. कमी मुळीच नको. ॲल्युमिनियम तापून फुगतं, म्हणून ३५ च्या आउटरसाठी घर ३४.९८ ठेवायचं, चाक शंभरेक अंशांपर्यंत तापवायचं आणि बेअरिंग सोडायचं. हातोडीने ठोकलेलं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं.

नायलॉनबद्दल: प्लॅटनच्या चाकांना नको. तिथे उष्णता साठते, नायलॉन मऊ पडतं आणि बेअरिंगचं घर सैल होतं. ट्रॅकिंगच्या चाकाला चालून जाईल. प्लायवूडची चाकं काही जण करतात. पहिल्या पावसाळ्यात ती फुगून अंडाकृती होतात.

---

रंधा_पटाशी

स्पेसर आराखड्यात नव्हताच, आता घातला. फुगवटा कुठल्या चाकांना द्यायचा? टर्नर म्हणतो चारही चाकांना देऊ.

---

गुण्यात_बसवा

चारही नको. फक्त ट्रॅकिंगच्या चाकाला. पट्टा नेहमी चाकाच्या उंच भागाकडे चढतो, म्हणून मधे उंच असलेलं एक चाक त्याला मधोमध धरून ठेवतं. ७५ च्या चाकाला मध्यापासून दोन्ही कडांकडे अर्धा-अर्धा मिमी उतार, म्हणजे मधे ७५ तर कडेला ७४. मधला १० मिमी सपाट राहिला तरी चालतो. याहून जास्त फुगवटा दिला तर पट्टा मधे ताणला जातो, कडा सैल पडून फडफडतात.

प्लॅटनची दोन्ही चाकं पूर्ण सपाट. तिथे फुगवटा दिलात तर पट्टा प्लॅटनवर येतानाच मधे उचललेला असतो, आणि सपाट घासायचं पातं मधे खोलगट निघतं. मोटरचं चाकही सपाटच करा. ट्रॅकिंगचं चाक नीट असेल तर तेवढं पुरतं.

---

कोकणी_लोहार

पाइपबद्दल कोणी बोललं नाही. ५० × ५० च्या पाइपात ४० × ४० चा सरकवायचा असेल तर बाहेरच्याची जाडी बघून घ्या. बाजारात ५० म्हणून मिळतो तो बऱ्याचदा ४९.५ असतो. जाडी ३.६ असेल तर आतलं माप ४२.३, म्हणजे सगळा मिळून २.३ मिमी खेळ. हात खाली लोंबतो. जाडी ४.५ असेल तर आत ४०.५ उरतं, माप छान, पण आतल्या शिवणीचा वेल्ड आडवा येतो. ती शिवण लांब कानशीने साफ करावी लागते. २५०-३०० मिमी लांबीच्या तुकड्याला दोन्ही टोकांकडून कानस पोचते, त्याहून लांब तुकडा घेऊच नका.

दाब देणारे बोल्ट दोन हवेत, एक पुरत नाही. बाजूच्या भिंतीवर नट वेल्ड करा, एम१२, एकमेकांपासून १५० मिमी. नट वेल्ड करताना त्यात जुना बोल्ट अडकवून ठेवा म्हणजे आटे वाकत नाहीत आणि ठिणग्या आत जात नाहीत. बोल्ट थेट आतल्या पाइपावर आवळला तर खड्डा पडतो आणि पुढच्या वेळी तो त्याच खड्ड्यात घसरतो. मधे पितळेची चकती टाका. आतला हात पोकळ घेण्यापेक्षा ४० ची भरीव चौरस सळई घेतली तर थरथर निम्म्यावर येते. वजन वाढतं, पण इथे वजन हवंच आहे.

वेल्डिंगला घाई नको. चारही बाजूंना टाके मारा, गुण्या लावून बघा, मग समोरासमोरच्या बाजू आलटून-पालटून भरा. एकाच बाजूने सलग भरलं की उभा खांब त्या बाजूला ओढला जातो. दोन मिमी ओढला गेला की पुढे ट्रॅकिंगला दोष देत बसतात.

मांडणीसाठी सोपा उपाय: प्लायवूडच्या तुकड्यावर खडूने चाकं खऱ्या मापाची काढा, त्यांच्या कडेवर खिळे ठोका आणि १८३० च्या सुतळीचं वेढं चाकांच्या बाहेरून फिरवा. ताणाचा हात मधल्या जागी असताना सुतळी ताठ बसली पाहिजे. हाताला वर १५ मिमी जागा लागते, कारण पट्टे आठ-दहा मिमी कमी-जास्त येतात. खाली ३० मिमी, पट्टा काढता-घालता यावा म्हणून.

---

तीन_फेज

ताणाला स्प्रिंगऐवजी गॅस स्प्रिंग उत्तम, गाडीच्या डिकीला असतो तसा; पण डिकीचा काढून लावू नका, तो फार जोरकस असतो. १०० ते १५० न्यूटनचा फर्निचरच्या दारांचा मिळतो, तो पुरे. दांडा खाली तोंड करून बसवा, म्हणजे सील तेलात राहतं.

---

कानशीचा_आवाज

ट्रॅकिंग: दाराची जाड बिजागरीही चालते, फक्त तिच्या पिनेत खेळ नको. चाकाचा आस एका १० मिमी पट्टीवर, पट्टी बिजागरीवर, आणि बिजागरीपासून ६० मिमीवर एम८ चा बोल्ट. बोल्टाचा एक पूर्ण फेरा म्हणजे साधारण १.२ अंश. पट्टा पाव फेऱ्यातच सरकायला लागतो, त्यामुळे मूठ मोठी घ्या आणि बोल्टावर स्प्रिंग घाला, नाहीतर थरथरीने तो आपोआप फिरतो.

पहिल्यांदा मोटर चालू करू नका. मेन बंद ठेवून पट्टा हाताने फिरवा, ट्रॅकिंग मधोमध आणा, मग १० हर्ट्झला, मग पुढे.

पट्टा मधोमध ठेवायला ट्रॅकिंगचा बोल्ट अगदी टोकाला न्यावा लागत असेल तर दोष ट्रॅकिंगचा नाही. बाकी तीन चाकं समांतर नाहीत. पट्टा काढा, सरळ पट्टी मोटरच्या चाकाच्या बाजूला लावून प्लॅटनच्या चाकांपर्यंत न्या. बहुतेक वेळा मोटरच तिरकी असते, तिच्या पायाखाली ०.५ मिमीचा पत्रा सरकवला की सुटतं. म्हणून मोटरच्या पायाची भोकं गोल नको, लांबट ठेवा.

आणखी एक खूण. मोटरचा वेग बदलला की पट्टा जागा बदलत असेल तर सांगाडा किंवा ताणाचा हात वाकतो आहे. वेग तोच असताना पातं दाबल्यावर बदलत असेल तर प्लॅटनचं एखादं चाक सैल आहे.

टकटक ऐकू आली तर पट्ट्याच्या जोडावर खडूची रेघ मारा आणि १५ हर्ट्झला चालवा. टकटक रेघेबरोबर, सेकंदाला सुमारे दोनदा येत असेल तर जोड जाड आहे, पट्टा बदला. त्याहून जलद, सलग घर्र असा आवाज असेल तर चाक वाकडं आहे, टर्नरकडे परत.

---

पाणीदार

प्लॅटन १० मिमी जाड, ५० रुंद, २०० लांब. दोन चाकांना स्पर्श करणाऱ्या रेषेच्या दीड-दोन मिमी पुढे बसवा, म्हणजे पट्टा त्यावर टेकून चालतो. लोखंड उघडं ठेवलं तर दोन महिन्यांत मधे खोलगट होतं. त्यावर काचसिरॅमिकची पट्टी इपॉक्सीने चिकटवतात. बंद पडलेल्या इंडक्शन शेगडीची वरची काच टाइल कटरने, पाणी सोडत, कापता येते; पण ती नुसती टफन केलेली काच असेल तर कापताक्षणी चुरा होऊन अंगावर येते. चष्मा लावूनच पारखा. पट्टीखाली ३ मिमीची टेकण वेल्ड करा, नुसत्या इपॉक्सीवर भरवसा नको. तापलं की तो सोडतो.

पातं ज्यावर टेकवतो तो टेकू आणि पट्टा यांत २ मिमीहून जास्त फट ठेवू नका. पातळ टोक त्या फटीत ओढलं गेलं की पट्टा फाटतो, आणि बोटही जवळच असतं.

पाणी दिलेल्या (तापवून-बुडवून कडक केलेल्या) पात्यावर काम करताना हातमोजे काढून ठेवा. उघड्या बोटाला पातं तापलेलं कळलं की लगेच बुडवायचं. धारेवर पिवळी झाक आली म्हणजे दोनशेच्या वर गेलं, निळं पडलं म्हणजे तीनशेच्या जवळ. तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, तो पूर्ण घासून काढल्याशिवाय धार टिकणार नाही. गंमत म्हणजे जुना, गुळगुळीत झालेला पट्टा नव्यापेक्षा जास्त तापवतो. शेवटच्या फिनिशिंगला बचत करू नका.

---

रंधा_पटाशी

पट्टे कोणते आणि किती घेऊन ठेवू? आणि सिंगल फेज कपॅसिटर मोटर घेतली तर व्हीएफडीचा खर्च वाचेल, असं एक जण सुचवतोय.

---

तीन_फेज

वाचेल. पण वेग एकच राहील, आणि कपॅसिटर-स्टार्ट मोटर व्हीएफडीवर चालत नाही, त्यामुळे नंतर सुधारणा करता येत नाही. फक्त कोयते-विळ्यांची धार असती तर १ एचपी सिंगल फेज आणि १०० चं चाक पुरलं असतं. रंध्याची पाती आणि सुऱ्या म्हणताय, तिथे कमी वेग हवाच. पाण्याच्या पंपाची किंवा वॉशिंग मशिनची मोटर कोणी सुचवली तर ऐकू नका.

---

कोकणी_लोहार

पट्टे: सुरुवातीला सिरॅमिक ६० चे ५, ॲल्युमिनियम ऑक्साइड १२० चे ३, २२० चे ३, ४०० चे २ मऊ कापडाचे. ३६ आत्ता नको; त्याचे ओरखडे १२० ने काढताना पट्टे दुप्पट संपतात. सिरॅमिकला वेग आणि दाब दोन्ही लागतात. हळू आणि हलक्या हाताने वापरलं तर दाणा फुटत नाही, चकाकतो, आणि नवाच पट्टा मेल्यासारखा होतो. सिरॅमिक ५० हर्ट्झच्या वर, २२० च्या पुढचे २५-३० ला.

इथे कोणी पट्टे बनवून देणारा असेल तर रोलमधून १८३० चे कापून जोडून घेता येतात. जोड टेपचा, टोकाला टोक भिडवलेला मागा. एकावर एक चढवलेल्या जोडाला दिशा असते, आत बाण छापलेला असतो. उलटा चढवला तर पात्याच्या कडेला अडकून उकलतो.

---

पाणीदार

बुऱ्याचं विसरू नका. पट्ट्याच्या खाली, ठिणग्या पडतात तिथे, पाण्याची बादली. लाकूड आणि पोलाद एकाच व्हॅक्यूमला लावू नका. लाकडाच्या भुशात ठिणगी पडली की ती तासाभराने पेटते, तुम्ही जेवायला गेल्यावर. ॲल्युमिनियम घासायचं असेल तर आधीचा लोखंडी बुरा पूर्ण काढा. ही दोन भुकट्यांची जोडी ठिणगीने फार वाईट जळते. मास्क कापडी नको, निदान एन९५. मुठीचं शिंग, हाड, फायबर घासताना फिल्टर बदलता येणारा अर्धा मास्क.

व्हीएफडी जाळीच्या डब्यात ठेवू नका. लोखंडाचा बुरा वीज वाहून नेतो, एकदा आत गेला की बोर्ड गेला. बंद डबा, निदान ३०० × ४०० चा, पट्ट्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे उष्णताही भिंतींतून निघते.

---

रंधा_पटाशी

बदल केले: मोटरचं चाक १५०, फुगवटा फक्त ट्रॅकिंगला, सगळीकडे स्पेसर, आत भरीव सळई, डेल्टा जोडणी. मोटर पुढच्या आठवड्यात येते, भोक त्यानंतरच. पावसाळ्यात पट्टे कसे ठेवायचे एवढंच राहिलं.

---

कोकणी_लोहार

खिळ्यावर टांगू नका, तिथे घडी पडते आणि पट्टा चाकावर प्रत्येक फेरीला उडी मारतो. ११० मिमीच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा भिंतीला आडवा लावा, त्यावर टांगा. जून ते सप्टेंबर झाकणाच्या ड्रममध्ये सैल वेटोळं करून, सोबत सिलिका जेलची पुडी. दमट झालेला पट्टा कडांनी आत वळतो आणि जोडाचा गोंद सोडतो. तसा पट्टा लावण्याआधी एक दिवस कोरड्या खोलीत पाइपावर राहू द्या. उन्हात वाळवू नका.